बिनछर्ऱ्याची खार

दाखलेसाहेबांचा स्वतःच्या बायकोवरही पुरता विश्वास नव्हता, पण त्यात त्या बाईचा काही दोष नाही. तो त्यांच्या नोकरीचा गुण. जो माणूस समोर काठी टेकत उभ्या असलेल्या जित्याजागत्या म्हाताऱ्याला "तुम्ही हयात असल्याचा दाखला आणा" म्हणून परत पाठवतो, तो घरी येऊन "भाजीत मीठ घातलंय" एवढ्या शब्दावर कसा जेवेल? आधी तो चाखणार, मग बायकोकडे बघणार, मग पुन्हा चाखणार. कचेरीत ते दाखल्यांच्या टेबलावर इतकी वर्षं बसले होते की त्यांचं खरं आडनाव पगार वाटणाऱ्यालाही आठवत नसे. कुणीही काहीही म्हणालं की साहेब चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कशावरून?"

अशा माणसाने शिकारीच्या फंदात पडावं, हेच मुळात अघटित. पण सासरे नावाची गोष्ट माणसाकडून काय काय करून घेईल, सांगता येत नाही.

सासरे जुने शिकारी. मोठ्या शिकारीचे नव्हेत हो. वाघावर पाय ठेवून फोटो, भिंतीवर शिंगं, असली भानगड नाही. "जे खायचं नाही ते मारायचं कशाला? नुसता माज!" असं ते म्हणत. त्यांची सगळी हयात ससे, लाव्हे, रानकोंबड्या आणि विशेष करून खारी यांच्या मागे गेली. गावाबाहेर शेवटचं घर, मागे रान, आणि भिंतीवर एक जुनी दुनळी बंदूक. त्या घरात जेवणाचा एक कायदा होता. शिकारीचं मटण असलं की कुणाच्या तरी दाताखाली छर्रा यायचाच. ज्याला येईल त्याने तो बोटांनी काढून ताटाच्या कडेला टाकायचा. टण् असा आवाज झाला की सासरे समाधानाने मान डोलवायचे. छर्रा निघाला नाही तर मटण विकतचं, मग आणणारा कितीही शपथा घेवो.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आता सासऱ्यांची नजरही गेली होती. "झाड दिसतं, झाडावरचं दिसत नाही," असं ते म्हणायचे. तेव्हा एका रविवारी दोन्ही मुली आणि दोन्ही जावई जेवायला बसलेले असताना त्यांनी जाहीर केलं की दुनळी आता एका जावयाला द्यायची.

"जो स्वतःच्या हाताने मारलेलं आणून मला वाढेल, त्याची बंदूक. हंगाम संपायच्या आत." हे बोलताना ते थोरल्या जावयाकडे बघत होते. मग उपचार म्हणून दाखलेसाहेबांकडे वळले आणि म्हणाले, "तुम्हीही बघा प्रयत्न करून. शाईने मरत असेल काही तर."

साडू इतका मोठ्याने हसला की त्याला ठसका लागला. आता साडू हे नातंच मोठं संशयाचं. सख्खा भाऊ नाही की भांडून मोकळं व्हावं, परका नाही की ओळख टाळावी. जन्मभर एकमेकांच्या ताटाकडे बघत राहायचं, की सासुरवाडीला याला जास्त वाढलं की मला. त्यात हा साडू ठेकेदार. जीप, जाकीट, भरघोस मिशा, आणि सासऱ्यांच्या तोंडी कायम "जावईबापू". दाखलेसाहेबांना सासरे "अहो" म्हणत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण "अहो"च्या पुढे गाडी सरकली नव्हती.

परत येताना गाडीत बायको म्हणाली, "ती बंदूक ताईकडे गेलेली मला चालणार नाही."

"तुला काय करायचीय बंदूक?"

"आपल्या घरी यायला हवी. एवढंच."

बहिणीबहिणींचं असतंच, असं म्हणून साहेबांनी तो विषय मनातल्या मनात निकाली काढला. बंदुकीचं त्यांनाही काही नव्हतं. त्यांना हवं होतं ते "जावईबापू". एकदा, फक्त एकदा त्या म्हाताऱ्याच्या तोंडून ते ऐकायचं होतं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त कंडक्टर राहत. गॅलरीतली कबुतरं हाकलण्यासाठी त्यांनी तरुणपणी एक हवेची बंदूक घेतली होती. कबुतरं अजून होती आणि बंदूकही. ती त्यांनी छर्ऱ्यांच्या डबीसकट साहेबांना दिली, आणि तिच्याबरोबर सल्ला दिला, जो परत करायची सोय नव्हती. "श्वास अर्धा सोडायचा, अर्धा धरायचा. घंटीची दोरी ओढतो तसा चाप ओढायचा, हिसका नाही. आणि डोक्यातच मारायची हं! दुसरीकडे लागली तर मांस फुकट. खार म्हणजे आहे काय? मूठभर जीव."

"तुम्ही मारलीय कधी?"

"मी? छे! पण आमच्या गाडीला रोज एक शिकारी यायचा. त्याच्याशी बोलणं असायचं."

गच्चीवर रिकाम्या डब्यांवर सराव सुरू झाला आणि इमारतीत कुजबूजही. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना पहिल्यापासून खात्री होती की या माणसाच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. "इतका सरळ माणूस असूच शकत नाही," असं त्या म्हणत. त्यांनी जिन्यात बायकोला गाठून हळूच विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना गं? काही वाटलं तर सरळ माझ्याकडे ये." बायकोने हे आत येऊन सांगितलं, तेव्हा साहेबांना अतिशय अपमान वाटला. पण गंमत म्हणजे ते सांगताना बायकोही त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती.

पुढे परवाना. लहान शिकारीचा हंगामी परवाना देणारी कचेरी दुसऱ्या टोकाला होती. खिडकीमागे एक पोरगेला कारकून बसला होता. त्याने चष्म्यावरून साहेबांकडे बघितलं. ती नजर ओळखीची होती. आरशातली.

"आधी शिकार केलीय?"

"नाही."

"मग तुम्हाला शिकार येते, हे कशावरून?"

तो साहेबांचा शब्द होता! त्यांच्यावरच असा कधी उगारला गेला नव्हता.

"परवाना मिळाल्यावर करेन ना."

"अनुभव असल्याशिवाय परवाना नाही."

"आणि परवान्याशिवाय अनुभव घेतला तर?"

"गुन्हा," कारकून शांतपणे म्हणाला.

साहेबांना संताप आला, पण त्या संतापाखाली कुठेतरी कौतुकही होतं. पोरगा तयार होता. शेवटी कंडक्टरना नेऊन उभं केलं. त्यांनी या गृहस्थांना नेम साधताना आपण स्वतः पाहिलंय असं सांगितलं, नेम लागताना पाहिलंय की नाही ते कुणी विचारलं नाही, आणि परवाना मिळाला.

खारी मारायच्या तर फळबागेत. बागवाल्याच्या फळांचा खारींनी पार भुगा केला होता, त्यामुळे साहेबांना वाटलं तो गळ्यात पडेल. तो कुठला पडायला! "खारी मारायला कोण येतो?" त्याने साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खारींचं नाव सांगतात आणि पिशव्या भरून फळं नेतात. जाताना पिशवी दाखवायची." झालं! इतरांच्या पिशव्या तपासण्यात ज्याचा जन्म गेला त्याची पिशवी दर शनिवारी फाटकाशी तपासली जाऊ लागली. आत पाण्याची बाटली आणि ओला रुमाल एवढंच निघायचं. त्यामुळे तर बागवाल्याचा संशय आणखी वाढला. रिकाम्या हाताने जाणारा माणूस दर आठवड्याला येतो कशाला?

खार हे जनावर तुम्ही नीट पाहिलंय का? झाडावर दिसली म्हणून बंदूक रोखावी, तर ती खोडाच्या पलीकडच्या बाजूला जाते. तुम्ही पलीकडे जावं, ती अलीकडे येते. दाखलेसाहेबांनी एका झाडाला इतक्या प्रदक्षिणा घातल्या की बागवाल्याला हा काहीतरी करणीचा प्रकार वाटू लागला. शेपटी झुपकेदार, डोळे मण्यांसारखे, आणि तोंडाने अखंड चिक् चिक् चिक्. साहेबांना त्या आवाजात साडूचं हसणं ऐकू यायचं.

कंडक्टरनी त्यांच्या गाडीतल्या शिकाऱ्याचा एक डाव सांगितला. अंगातला कोट काढून पलीकडच्या झुडपावर टांगायचा आणि आपण अलीकडे मुकाट बसून राहायचं. साहेबांनी कचेरीचा कोट टांगला. मुंग्यांनी पायांची चाळण केली, मान अवघडली, पण ते हलले नाहीत. खारीने कोट पाहिला. तिचाही कोटवाल्यांवर विश्वास नसावा. ती सावकाश वळसा घालून अलीकडच्या बाजूला आली, आणि तिथे खोडाला पाठ लावून दाखलेसाहेब श्वास अर्धा धरून बसले होते.

टप्.

ती पडली तेव्हा आधी साहेबांना काही समजलंच नाही. जवळ जाऊन पाहिलं तर डोक्यात बारीकसं भोक आणि बाकी सगळी शाबूत, अजून ऊबदार. त्यांना वाईट वाटलं. मग अभिमान वाटला. मग इकडेतिकडे बघितलं, तर बागवाला पार पलीकडच्या टोकाला पाटाचं पाणी वळवत होता. कुणीही पाहिलं नव्हतं. आयुष्यातली पहिली शिकार, आणि साक्षीदार नाही! साहेबांच्या आनंदावर तिथेच पाणी पडलं.

फाटकाशी बागवाल्याने सवयीने पिशवीत हात घातला, आणि जो काही ओरडला की साहेबांना त्याला पाणी पाजावं लागलं.

घरी बायकोने खार हातात घेतली, उलटसुलट केली, वास घेतला.

"मेलेली सापडली नाही ना?"

"अगं मी मारली! स्वतः!"

"बरं," ती म्हणाली.

त्या "बरं"ने साहेबांची झोप उडाली. "बरं" म्हणजे काय? होय की नाही? असली उत्तरं ते कचेरीत कधी चालवून घेत नसत. पण घरात लेखी घेण्याची सोय नव्हती. पुढच्या शनिवारी त्यांनी आणखी एक मारली, त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. चारही डोक्यात. प्रत्येक वेळी बायको वास घ्यायची आणि "बरं" म्हणायची.

ती साफ करायची पद्धत मात्र तिला चोख ठाऊक होती. शेपटीच्या मुळाशी काप, पायाखाली शेपटी दाबून धर, आणि ओला मोजा काढावा तसं कातडं वर ओढ. पुढच्या पायांखालच्या बारीक गाठी काढून टाकायच्या, नाहीतर सगळ्याला उग्र वास मारतो. डोकी टाकून दिली. एका डोक्यातून साहेबांनी आठवण म्हणून छर्रा काढून ठेवला. हवेच्या बंदुकीचा तो, कमरेत बारीक, टोपीसारखा, आणि हाडावर बसून चेमटलेला. मांस मिठाच्या पाण्यातून काढून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गेलं, बर्फाच्या ट्रेशेजारी. नर्सबाई साखर मागायला आल्या, त्यांना ते दिसलं, आणि त्या दिवसापासून त्या आपली मांजर घरात आहे ना ते दिवसातून दहादा बघू लागल्या.

हंगामाचा शेवटचा रविवार ठरला. सकाळी बायकोने रांधायला घेतलं. कंडक्टर दारातून म्हणत होते, "व्हिनेगर घाला," नर्सबाई म्हणत होत्या, "नीट उकळा गं बाई, रोग असतात." ती कुणाचंच ऐकत नव्हती. आधी मंद आचेवर, हाडाचं मांस सुटेसुटेपर्यंत शिजवलं. मग ते काढून कांद्यावर लाल परतलं, मिरी भरडून घातली, आणि शिजवल्याचं पाणी पुन्हा ओतून रस्सा अंगाबरोबर आणला. असा वास सुटला की नर्सबाईंचाही संशय घटकाभर डळमळला.

आणि नेमकं याच वेळी, बायको तयार व्हायला आत गेली असताना, साहेबांच्या डोक्यात तो किडा वळवळला. छर्रा! डोकी तर फेकून दिली. या भांड्यात चार खारी आहेत आणि एकही छर्रा नाही. सासरे खाणार, कुणाच्याच ताटात टण् होणार नाही, आणि मग काय? "विकतचं." खार कुठे विकत मिळते, असं कुणी विचारणार नाही. साडू हसणार.

आठवणीचा छर्रा तर होताच, कंडक्टरांच्या डबीतही अजून होते. साहेबांनी एक हातावर घेतला. खरा, अस्सल, जातीचा. पण तो त्यांना पटेना. ही टोपी छर्रा आहे, हे कोण मान्य करणार? सासऱ्यांच्या ताटातले छर्रे त्यांनी इतकी वर्षं पाहिले होते. गोल, मोहरीएवढे किंवा थोडे मोठे. छर्रा म्हणजे गोल. विहित नमुन्यात नसलेला खरा पुरावा साहेबांनी आयुष्यात कधी स्वीकारला नव्हता. तो त्यांनी आजही नाकारला. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडून ते बेअरिंगच्या बारीक, गोल, गुळगुळीत गोळ्या घेऊन आले आणि भांड्यातल्या मांड्यांमध्ये अंगठ्याने एकेक दाबून बसवली. इतक्या वर्षांत कुणाच्या कागदावर खोटा शिक्का न मारलेला हा माणूस! पण त्यांच्या मते यात खोटं काही नव्हतंच. खार खरी होती, मारणारा खरा होता. फक्त जोडपत्र कमी पडत होतं, ते त्यांनी जोडलं.

सासऱ्यांकडे साडू आधीच येऊन बसला होता. त्याने लाव्हे आणले होते. गुबगुबीत, एकसारखे, बघा, जणू एकाच आईने एकाच दिवशी घातलेले. खाताना छर्रेही असे निघत होते की ताटांचा नुसता घंटानाद चालला होता. "टण्! बघा बाबा. टण्! हा हिच्या ताटात." दाखलेसाहेबांनी आपला लाव्हा फिरवून फिरवून पाहिला. आत छर्रा होता, पण कातडीला भोक कुठेच नव्हतं. मांसात छर्रा शिरला तरी कुठून? पण सिद्ध करणार कसं? उरलेलं कातडं तर त्यांनीच खाल्लं होतं.

मग खार वाढली. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले. त्यांनी डोळे मिटले.

"खार आहे," ते म्हणाले. "किती वर्षांनी! आणि हात तर अगदी हिच्या आईचा." मग त्यांनी ते अधू डोळे दाखलेसाहेबांकडे वळवले. "कुठे मारल्यात? झाडावर बसलेली की पळती?"

"बसलेली. डोक्यात."

"डोक्यात! वा! वा, जावईबापू!"

दाखलेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती चक्क हसत होती. साडूची मिशी खाली आली होती. बस्स, याच क्षणी जेवण संपलं असतं तर हा माणूस सुखाने मेला असता.

पण सासऱ्यांनी दुसरा घास घेतला.

कट्!

असा आवाज त्या घरात कधी झाला नव्हता. टण् नव्हे, कट्. सासऱ्यांनी तोंडात बोटं घातली. आधी कवळीचा अर्धा तुकडा निघाला, मग दुसरा अर्धा, आणि शेवटी ती गोळी. ती त्यांनी रस्सा पुसून डोळ्यांजवळ नेली.

"शिसं हाडाला लागलं की चपटं होतं. काळं पडतं," ते बिनदातांच्या तोंडाने सावकाश म्हणाले. "हे तर चकाकतंय. यात मला माझंच तोंड दिसतंय."

साडूने गोळी घेतली, टेबलावर सोडली, ती सुरसुर पळत जाऊन पाण्याच्या तांब्याला आपटली. "बाबा, ही सायकलची आहे!" आणि मग तो हसला. हसता हसता त्याने आपली खारीची मांडी चाचपली, त्यातून दुसरी काढली, आणि पुन्हा हसला. "खारी सायकलवर होत्या वाटतं!"

दाखलेसाहेब उभे राहिले. "छर्रा खोटा आहे, कबूल. पण खार खरी आहे. मी मारलीय."

"कशावरून?" सासरे म्हणाले.

आता काय सांगणार? डोकी फेकलेली. आठवणीचा छर्रा घरी. बागवाला पाटावर. बायको ताटाकडे बघत बसली होती. ती हे पहिल्यांदाच ऐकत होती. भांड्यात तिच्या मागे कुणी हात घातला असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. साहेबांना सासऱ्यांपेक्षा त्या खाली घातलेल्या मानेची जास्त भीती वाटली.

सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. "एकाच्या जनावराला भोक नाही, एकाची गोळी सायकलची! मी आंधळा झालोय, खुळा नाही झालो!" म्हणजे लाव्ह्यांचंही त्यांना उमगलं होतं तर. साडूचं हसणं जागच्या जागी विझलं. "चला परसात. दोघंही. झाडावर ती खार मघापासून बोंबलतेय. मारून दाखवा."

साडूने दुनळी खांद्याला लावली, एक डोळा मिटला, मग दुसराही मिटला, आणि बार काढला. पाण्याच्या टाकीतून चार धारा सुटल्या. मग बंदूक दाखलेसाहेबांकडे आली. हवेच्या बंदुकीच्या मानाने ती म्हणजे लोखंडी खांब. त्यांनी श्वास अर्धा धरला, घंटीची दोरी ओढली, आणि बंदुकीने खांद्याला असा दणका दिला की साहेब उठले ते कोथिंबिरीच्या वाफ्यातून. झाडाची बरीच पानं पडली. खार नाही. ती केव्हाच ढोलीत शिरली होती.

"झालं दोघांचं?" बायकोने विचारलं.

तिने बंदूक घेतली, मधून मोडून उघडली, आत बघितलं, दोन नवी काडतुसं घातली आणि पायरीवर बसली. बोलली नाही, हलली नाही. ताई म्हणाली, "अगं, आता कुठली येतेय ती!" तिने नुसता हात वर केला. बराच वेळ गेला. साडू कंटाळून आत उरलेली खार खायला गेला. सासरे भिंतीला टेकून कान देऊन उभे होते. कधीतरी ढोलीतून नाक बाहेर आलं, मग डोळे, मग अर्धी खार फांदीवर आली आणि चिक् म्हणाली. ते तिचं शेवटचं चिक्.

सासरे धडपडत पुढे झाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "लहान होती तेव्हा हिच्याइतका नेम गावात कुणाचा नव्हता. मुलगी मोठी झाली, आता बरं दिसत नाही, म्हणून मीच बंद केलं. आणि बसलो जावई धुंडत! मूर्ख मी!" मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "म्हणजे त्या चारही तूच मारल्यास!"

सगळ्यांनाच एकदम उलगडा झाला. ताई "तरीच!" म्हणाली. साडू आतून हाडूक हातात घेऊन आला आणि तोही "तरीच!" म्हणाला. कोथिंबीर झटकत उभ्या असलेल्या दाखलेसाहेबांकडे कुणी बघतही नव्हतं.

"नाही बाबा," बायको म्हणाली. "त्या ह्यांनी मारल्या."

"तू पाहिलंस?"

"नाही."

"मग कशावरून म्हणतेस?"

"हे म्हणाले म्हणून."

म्हातारा खो खो हसला. कवळीशिवाय ते हसणं फारच मोठं दिसलं. "नवऱ्याची अब्रू राखतेय पोर! अगदी आईवर गेलीय." ताई हसली, साडू हसला. आणि त्या घराच्या इतिहासात कायमचं नोंदलं गेलं की खारी धाकटीने मारल्या आणि सायकलच्या गोळ्या तेवढ्या तिच्या नवऱ्याने घातल्या.

परत निघाले तेव्हा दुनळी जुन्या चादरीत गुंडाळून बायकोच्या मांडीवर होती. ती तिच्या नावावर करायला कोणकोणते दाखले लागतील, हे साहेबांना तोंडपाठ होतं, पण आज त्यांनी तो विषय काढला नाही.

"गोळ्या घालायच्या आधी मला विचारायचं होतंत," ती म्हणाली.

"चुकलं."

"बाबांची कवळी आपण करून द्यायची."

"हो."

साहेबांचा खांदा ठणकत होता. तिने चादर नीट केली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढच्या हंगामात मीही येणार बागेत."

साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला. पण तो आनंद पुढच्या वळणापर्यंतच टिकला. तिथे जुनी खोड उफाळून आली. ही येणार म्हणजे शिकारीला येणार, की मला खरंच मारता येते का ते बघायला? आणि मघाशी म्हणाली ते मनापासून, की बाबा म्हणाले तसं नुसती अब्रू राखायला? प्रश्न अगदी ओठांवर आला. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलंही. ती दुनळीच्या चापावरून अंगठा फिरवत होती.

त्यांनी तो प्रश्न गिळला आणि गाडी चालवत राहिले.